अनोळखी पंचांचा निवाडा

घरातील गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जुन्या समाजांनी एकच दिलेले आढळते. ते असे की, जो आपल्याला, आपल्या बापाला आणि शक्य तर आजालाही ओळखतो त्याच्यापुढे मांडावे. मराठेशाहीतील गोतसभा हे या उत्तराचे ठसठशीत उदाहरण होय. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे आपल्या बाजूची हकीकत, लिहून देत, सभेचा निर्णय मान्य राहील अशी कबुली आरंभीच देत, पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सारे गोत मिळून बसे, साक्षी होत, आणि अखेर जो महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, तयार होई त्यावर कुणब्याने नांगराची व इतरांनी आपापल्या धंद्यातील हत्यारांची निशाणी करावयाची, अशी रीत होती. जिंकणाऱ्याने हरकी भरावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावी, आणि दोघांनी पुन्हा त्याच गावात शेजाऱ्यासारखे नांदावे. या व्यवस्थेत न्याय होत असे, यात संशय नाही; परंतु त्या न्यायाची पहिली अट अशी होती की, नाव, गाव, जात, घराणे आणि मागील तीन पिढ्यांची कुलंगडी यांसह माणसाने सर्वांसमक्ष उभे राहावे. ज्याला असे उभे राहण्याइतके स्थानच नव्हते, किंवा ज्याचे दुःख जमिनीच्या तुकड्यासारखे मोजून दाखविता येण्याजोगे नव्हते, त्याचा करीना लिहून घेण्याची तजवीज या दप्तरात नव्हती.

युरोपातही फारशी निराळी स्थिती नव्हती. फरक एवढाच की, तेथे पंचांच्या जोडीला धर्मोपदेशक होता. कॅथलिक पंथात पापाची गुप्त कबुली ऐकून घेणारा पाद्री हा माणसाच्या अंतःकरणाचा अधिकृत सल्लागार असे. इंग्लंडात धर्मसुधारणा झाली, ही गुप्त कबुलीची प्रथा मागे पडली, परंतु तिच्यामुळे भागत असलेली गरज मात्र मागे पडली नाही. ती भागविण्यासाठी प्रॉटेस्टंट पंडितांनी मोठमोठे ग्रंथ रचले. वचन दिले पण मन फिरले तर काय करावे, धन्याने अधर्म सांगितला तर चाकराने ऐकावे की नाही, अशा अडचणींचा त्यांत शास्त्रशुद्ध ऊहापोह असे. जेरेमी टेलर याचा असा ग्रंथ १६६० मध्ये आणि रिचर्ड बॅक्स्टर याचा १६७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ग्रंथ कितीही विस्तृत असला तरी तो वाचकाचा प्रश्न ऐकून घेऊ शकत नाही. लंडनसारख्या वाढत्या शहरात, खेड्यातील पाद्री आणि गोत मागे टाकून आलेल्या हजारो तरुण माणसांना जो हवा होता तो ग्रंथ नव्हता. आपले म्हणणे ऐकून घेणारा आणि तरीही आपल्याला न ओळखणारा कोणीतरी त्यांना हवा होता.

हा कोणीतरी १६९१ सालच्या मार्च महिन्याच्या १७ तारखेला लंडनच्या बाजारात अवतरला, आणि त्याला जन्म देणारा पुरुष ना धर्मोपदेशक होता, ना पंडित. तो होता जॉन डंटन नावाचा एक पुस्तकविक्रेता. १६५९ साली जन्मलेला हा गृहस्थ चंचल, कल्पक, बोलघेवडा आणि कर्जबाजारी होता. मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहून तो अडचणीत आला होता आणि १६८६ साली पुस्तकांच्या पेट्या घेऊन थेट अमेरिकेतील बॉस्टनपर्यंत जाऊन आला होता. मित्रांबरोबर फिरावयास गेला असता त्याच्या मनात अकस्मात एक कल्पना आली आणि ती पन्नास गिनींनाही आपण विकणार नाही असे तो त्यांना म्हणाला, अशी हकीकत त्यानेच पुढे नोंदविली आहे. कल्पना अशी की, लोकांनी आपले नाव न सांगता वाटेल तो प्रश्न लिहून पाठवावा आणि विद्वानांच्या एका मंडळाने त्याचे उत्तर छापून द्यावे. या पत्राला त्याने ‘अथेनियन गॅझेट’ असे नाव दिले, आणि सरकारी ‘लंडन गॅझेट’ची हरकत आल्यावर ते बदलून ‘अथेनियन मर्क्युरी’ असे केले.

पत्राचे बाह्य रूप अगदी साधे होते. अर्ध्या तावाचा, दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद, किंमत एक पेनी. लवकरच तो मंगळवारी व शनिवारी असा आठवड्यातून दोनदा निघू लागला. प्रश्न पाठविण्याचा पत्ता पोल्ट्री भागातील स्टॉक्स मार्केटजवळच्या स्मिथच्या कॉफीगृहाचा होता. ही योजना पंधरा वर्षे आधी निघती तर बहुधा चालली नसती. कारण निनावी प्रश्न येण्यास निनावी टपाल लागते, आणि तशी टपालाची सोय लंडनात विल्यम डॉकरा याने १६८० साली प्रथम केली होती. शहरातल्या शहरात एका पेनीत पत्र पोचते करणारी ही व्यवस्था इतकी किफायतशीर ठरली की, दोन वर्षांतच सरकारने मक्तेदारीचा हक्क सांगून ती आपल्या ताब्यात घेतली. टपाल, कॉफीगृह आणि छापखाना या तिन्ही संस्थांचा संगम झाला, तेव्हाच परक्याला सल्ला विचारणे हा एक नियमित व्यवहार होऊ शकला. डंटनने उत्तरे देण्यासाठी गणिताचा शिक्षक रिचर्ड सॉल्ट आणि आपला साडू सॅम्युएल वेस्ली यांच्याशी त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात रीतसर करारनामा केला. जॉन नॉरिस नावाचा तत्त्वज्ञ पाद्रीही प्रसंगी साह्य करीत असे.

प्रश्नांचा पाऊस पडला. देवदूतांचे स्वरूप, समुद्राची भरती-ओहोटी, जलप्रलयाचे पाणी, आत्म्याचे अमरत्व असे भारदस्त विषय त्यांत होतेच. परंतु पत्र लोकप्रिय झाले ते मनुष्याच्या घरगुती आणि हृदयस्थ प्रश्नांमुळे. या प्रश्नांची संख्या इतकी मोठी असण्याचे एक कारण तत्कालीन विवाहाच्या कायद्यात सापडते. इंग्लंडात १७५३ सालचा हार्डविक कायदा होईपर्यंत, एखाद्या स्त्रीपुरुषाने एकमेकांना वर्तमानकाळी शब्दांत पती-पत्नी म्हणून स्वीकारले, तर देवळात न जाता आणि पाद्री नसतानाही तो विवाह बंधनकारक ठरे. भविष्यकाळी वचन दिले व त्यानंतर समागम झाला, तरी तेच होई. म्हणजे आपण विवाहित आहोत की नाही, हेच कित्येकांना निश्चित ठाऊक नसे. सात-सात वर्षांच्या करारनाम्याने बांधलेल्या शिकाऊ उमेदवारांना तर लग्नाची मनाईच होती, आणि त्यांतील एखाद्याने रागालोभाच्या भरात कोणाला शब्द दिला म्हणजे त्याच्यापुढे धन्याचा करार आणि हृदयाचा करार असा दुहेरी पेच उभा राही. त्यातच फ्रान्सशी युद्ध चालू होते. नवरा आरमारावर गेला, वर्षानुवर्षे त्याची वार्ता नाही, तर त्याची वाट किती काळ पाहावी, हा विचार कित्येक स्त्रियांच्या मनात घोळत असला पाहिजे. अशा माणसाने धर्मन्यायालयात जावे तर पैसा आणि बेअब्रू. पाद्र्याकडे जावे तर तो ओळखीचा. स्मिथच्या कॉफीगृहाचा पत्ता एवढाच त्याला मोकळा दरवाजा होता.

स्त्रियांना हा दरवाजा विशेष मोकळा वाटला असावा. आरंभीच्याच काळात एका स्त्रीने, आपल्या वर्गाला प्रश्न पाठविण्याची मुभा आहे की नाही अशी पृच्छा केली. मंडळाने ती सहर्ष दिली आणि महिन्याचा पहिला मंगळवार स्त्रियांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवल्याचे जाहीर केले. स्त्रियांनी विद्या संपादन करणे योग्य काय, असाही एक प्रश्न आला होता, आणि विद्येने एखादी स्त्री बिघडली असेल तर तशाच बिघडलेल्या पुरुषांची संख्या कितीतरी मोठी निघेल, अशा आशयाचे उत्तर मंडळाने दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नवऱ्याने बायकोला मारणे कायदेशीर आहे काय, हाही प्रश्न त्याच पत्रात छापला गेला. हे प्रश्न तत्पूर्वी कोणाच्या मनात आले नव्हते असे नाही. पण ते नाव नसलेल्या माणसाने विचारावे, छापील कागदावर यावेत आणि दुसऱ्या दिवशी कॉफीगृहात परक्या माणसांनी त्यांच्यावर वाद घालावा, ही गोष्ट नवी होती. एका घराचे गाऱ्हाणे त्यायोगे सर्व घरांचा प्रश्न होऊ लागले.

या व्यवस्थेत एक मोठे वैगुण्य होते, आणि ते गोतसभेशी तुलना केली असता लगेच डोळ्यांत भरते. गोतसभेपुढे दोन करीने येत. अथेनियन मंडळापुढे एकच येई. दगा दिलेला प्रियकर लिही, दगा देणारी कधी लिहीत नसे. सून लिही, सासूचे म्हणणे कोणी ऐकत नसे. दुसरे वैगुण्य याहून गहन होते. प्रश्नकर्ता निनावी होता, आणि उत्तर देणाराही निनावी होता. मंडळात बारा सभासद असून विद्येच्या प्रत्येक शाखेचा त्यांत तज्ज्ञ आहे, असा लोकांचा समज डंटनने जाणूनबुजून होऊ दिला. चार्ल्स गिल्डन याने १६९२ साली मंडळाचा जो गौरवपर इतिहास लिहिला त्याच्या चित्रात बारा पंडित एका मेजामागे बसलेले व खाली प्रश्नकर्त्यांची झुंबड उडालेली दाखविली आहे. वस्तुतः मेजामागे तिघे-चौघेच होते, आणि त्यांतील एक दुकानदार होता. मुखवटा घातलेल्या माणसाने मुखवटा घातलेल्या माणसाला शहाणपण सांगावे, असा हा प्रकार होता. प्रश्नकर्त्याला मुखवट्याने धीर मिळे, पण उत्तर देणाऱ्याची मुखवट्याने जबाबदारी सुटे.

या मुखवट्याला जो एक तरुण भुलला त्याचे नाव पुढे सर्व इंग्रजी वाङ्मयात दुमदुमले. सर विल्यम टेंपल यांच्या मूर पार्क येथील घरी चिटणीशी करणारा, चोवीस वर्षांचा, कवी होण्याची आकांक्षा बाळगणारा जोनाथन स्विफ्ट १६९२ च्या फेब्रुवारीत अथेनियन मंडळाला पत्र लिहितो आणि सोबत त्या मंडळाच्या स्तुतीपर तीनशेहून अधिक ओळींचे स्तोत्र पाठवितो. आपण जगातील श्रेष्ठ विद्वत्सभेला संबोधीत आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. डंटनने ते आनंदाने छापले, आणि स्विफ्टची छापून आलेली पहिली कविता ती हीच. त्याचा आप्त असलेला कविश्रेष्ठ ड्रायडन याने ती वाचून, तू कधीच कवी होणार नाहीस, असे त्याला सांगितल्याची आख्यायिका डॉ. जॉन्सनने नमूद केली आहे. म्हणजे परक्याने प्रसिद्धी दिली आणि आप्ताने निवाडा दिला; आणि निवाडा खरा ठरला, कारण स्विफ्टचे सामर्थ्य स्तोत्रात नसून उपहासात आहे हे पुढे सर्वांना दिसले. बारा वर्षांनी, १७०४ साली, त्याच स्विफ्टने ‘टेल ऑफ अ टब’ या ग्रंथात डंटनचीही थट्टा केली.

एलिझाबेथ सिंगर या मुलीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील प्रांतात राहणाऱ्या, १६७४ साली जन्मलेल्या या मुलीने आपल्या कविता निनावीपणे मर्क्युरीकडे पाठविण्यास आरंभ केला. मंडळाने त्या छापल्या, तिची स्तुती केली, तिच्याशी पद्यमय प्रश्नोत्तरे केली, आणि १६९६ साली डंटनने तिचा संग्रह ‘फिलोमेला’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला. पुढे एलिझाबेथ रो या नावाने ती अठराव्या शतकातील विशेष वाचली जाणारी लेखिका झाली. लंडनच्या वाङ्मयीन वर्तुळात ज्या मुलीला पाऊल टाकता आले नसते, तिला त्या अर्ध्या तावाने अंगण दिले. या दोन उदाहरणांवरून एक भेद स्पष्ट होतो. संसाराचा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवे असते; कलेचा प्रश्न विचारणारा उत्तराच्या मिषाने वाचक मागत असतो, आणि परका मनुष्य जर त्याला वाचक मिळवून देऊ शकला, तर त्याच्या मताचे मोल फारसे राहत नाही.

आता, ज्यांनी जगाचे संसार सावरण्याचे काम पत्करले होते त्यांच्या स्वतःच्या संसारांचे काय, असे वाचक विचारील. डंटनची पहिली पत्नी १६९७ साली वारली. त्याच वर्षी त्याने दुसरे लग्न केले, आणि सासूच्या संपत्तीवरून असा बखेडा माजला की, पतिपत्नी विभक्त झाली. हा बखेडा त्याने गुप्त तर ठेवला नाहीच, उलट त्याविषयी छापून टाकले. १७०५ साली निघालेल्या त्याच्या आत्मचरित्राचे नावच ‘आयुष्य आणि प्रमाद’ अशा अर्थाचे आहे. सॅम्युएल वेस्ली पुढे एपवर्थ या गावी धर्मोपदेशक झाला. तेथे एके दिवशी राजा विल्यम याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेला आपली पत्नी सुझाना ‘आमेन’ म्हणत नाही असे त्याच्या ध्यानात आले. ती पदच्युत राजा जेम्स याच्या पक्षाची होती. दोन राजे असतील तर दोन शय्याही असू देत, अशा आशयाचे बोलून हा साधुपुरुष घर सोडून निघून गेला. काही महिन्यांनी राजा मरण पावला, दांपत्याचा समेट झाला, आणि १७०३ साली त्यांना जो मुलगा झाला तो मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली होय. परक्यांना पतिपत्नीच्या सलोख्याविषयी जे शहाणपण शिकविले ते घरी का चालले नाही, याचे उत्तर सोपे आहे. परक्याच्या तंट्यात मनुष्य तत्त्व पाहू शकतो. स्वतःच्या तंट्यात त्याला फक्त समोरच्याचा चेहरा दिसतो.

मर्क्युरी १६९७ च्या जूनमध्ये बंद पडला. तोपर्यंत त्याचे साडेपाचशेहून अधिक अंक निघाले होते, टॉम ब्राउन याने त्याला प्रतिस्पर्धी पत्र काढून छळले होते, एल्कॅना सेटल याने त्याची नाटकातून टवाळी केली होती, आणि केवळ स्त्रियांसाठी ‘लेडीज मर्क्युरी’ नावाचे एक पत्र १६९३ साली चार अंकांपुरते निघून गेले होते. परंतु प्रथा मेली नाही. डॅनियल डीफो याने १७०४ पासून आपल्या ‘रिव्ह्यू’ पत्रात वाचकांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे सदर चालविले, तेव्हा आपली योजना चोरल्याची फिर्याद डंटन हयातभर करीत राहिला. निवडक प्रश्नोत्तरांचे ग्रंथ निघाले आणि ते पुढे पुष्कळ वर्षे वाचले गेले.

एकोणिसाव्या शतकात या प्रथेने एक निराळे वळण घेतले. कलेच्या आकांक्षेचा प्रश्न वृत्तपत्रातून निघून थेट कीर्तिमान माणसाच्या टपालात जाऊ लागला, आणि तेथे उत्तर देणाऱ्याला मुखवटा राहिला नाही. १८३६ च्या डिसेंबर महिन्यात यॉर्कशरमधील एका शाळेत शिकविणाऱ्या वीस वर्षांच्या शार्लट ब्राँटे हिने राजकवी रॉबर्ट सदी याला आपल्या कविता पाठवून मत विचारले. मार्चमध्ये उत्तर आले. तुझ्यात गुण आहे, असे सदीने मान्य केले; पण वाङ्मय हे स्त्रीच्या आयुष्याचे कार्य होऊ शकत नाही व होता कामा नये, आणि ती आपल्या योग्य कर्तव्यांत गुंतली तर तिला त्यासाठी सवडही राहणार नाही, असा त्याचा उपदेश होता. म्हणजे कवितेविषयी विचारले असता त्याने स्त्रीधर्माविषयी सांगितले. शार्लटने नम्र उत्तर लिहिले, सदीने दुसरे, अधिक मऊ पत्र पाठविले, आणि तो उपदेश कायमचा जपून ठेवावयाचा अशी टीप तिने आपल्या एकविसाव्या वाढदिवशी पत्राच्या वेष्टनावर केली. दहा वर्षांनी, १८४७ साली, ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाली. सदी १८४३ सालीच वारला होता. तिचा भाऊ ब्रॅनवेल याने १८३७ च्या जानेवारीत वर्डस्वर्थला असेच पत्र लिहिले होते. त्याला उत्तरच मिळाले नाही. दोहोंची तुलना केली म्हणजे सदीचे श्रेय कबूल करावे लागते: त्याने चुकीचे का होईना, पण उत्तर दिले, आणि त्याखाली सही केली, त्यामुळेच आज आपण त्याच्याशी वाद घालू शकतो.

अमेरिकेत एमिली डिकिन्सन हिने १८६२ च्या एप्रिलमध्ये जे केले ते याहून विलक्षण आहे. ‘अटलांटिक मंथली’ मासिकात टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन याने होतकरू लेखकांना उद्देशून एक लेख लिहिला होता. तो वाचून तिने त्या अनोळखी गृहस्थाला चार कविता पाठविल्या आणि त्या जिवंत आहेत काय, एवढेच विचारले. पत्राखाली सही नव्हती. नाव एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी निराळ्या लहान लिफाफ्यात बंद करून सोबत घातली होती. हिगिन्सनला त्या कवितांचे रूप ओबडधोबड वाटले आणि प्रसिद्धीची घाई करू नये, असे त्याने सुचविले. तिने त्याची सूचना मानली असे म्हणता येत नाही. तथापि तिने त्याला सोडलेही नाही. पत्रव्यवहार पुढे वीसहून अधिक वर्षे चालला, प्रत्यक्ष भेट १८७० साली झाली, आणि १८८६ साली ती निवर्तल्यावर निघालेल्या पहिल्या संग्रहाच्या दोन संपादकांपैकी एक तोच होता. त्याला कविता पूर्णपणे कळल्या नव्हत्या, पण तो नाव देऊन उभा राहिला होता, म्हणून त्याला आपली चूक सुधारता आली.

संसाराच्या प्रश्नांनी या काळात वृत्तपत्र सोडले नाही. उलट जेथे जेथे माणसे गोत मागे टाकून परमुलखात आली तेथे तेथे ते सदर नव्याने उगवले. न्यूयॉर्कच्या ‘फोर्व्हर्ट्स’ या यिडिश दैनिकात एब्राहम कहान याने १९०६ च्या जानेवारीत ‘बिंटल ब्रीफ’ म्हणजे पत्रांचा जुडगा हे सदर सुरू केले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू मजुरांना रब्बी दूर होता, आजोबा दूर होते, आणि कित्येकांना नीट लिहिताही येत नसे. तेव्हा संपादकीय कचेरीतील माणसे त्यांची पत्रे दुरुस्त करून देत. बायका टाकून पळालेल्या नवऱ्यांची छायाचित्रेही हे पत्र छापी. येथे परका सल्लागार हा मुखवट्यातला पंडित राहिला नव्हता. तो कचेरीचा पत्ता असलेला, रस्त्यात अडविता येण्याजोगा संपादक होता.

या प्रथेचा सर्वांत कठोर प्रसंग मात्र लंडनात किंवा न्यूयॉर्कमध्ये घडला नाही. तो मुंबईत घडला. धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे, अथेनियन मंडळातील सॉल्टप्रमाणेच, गणिताचे शिक्षक. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागलेल्या या मनुष्याने १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली आपल्या मृत्यूपर्यंत ते चालविले. वैवाहिक जीवनातील ज्या अडचणी घरात वडिलांपुढे काढता येत नाहीत, वैद्यापुढे सांगण्याची लाज वाटते, आणि मित्रापुढे काढल्या तर थट्टेचा विषय होतात, त्या मराठी वाचक येथे लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांची सरळ, शास्त्रीय, प्रसंगी रुक्ष उत्तरे देत. प्रश्नकर्त्यांची नावे छापली जात नसत. उत्तर देणाऱ्याचे नाव मात्र मासिकाच्या प्रत्येक अंकावर होते. १९३१ साली एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला, आणि या वेळी आक्षेप मुख्यतः वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच होता.

कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. भीमराव आंबेडकरांनी घेतले. त्यांच्या युक्तिवादाचा रोख असा होता की, मासिक जर याच विषयाला वाहिलेले आहे आणि वाचक जर याच विषयावर प्रश्न विचारतात, तर संपादकाने उत्तर का देऊ नये. आणि ज्या प्रवृत्ती न्यायालयाला विकृत वाटतात त्या ज्ञानाखेरीज दुसऱ्या कशाने दूर होणार आहेत. न्यायालयाला हा युक्तिवाद पटला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही, आणि उत्तरेही थांबली नाहीत.

या खटल्यात जी गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे ती अशी की, प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला कोणी न्यायालयात खेचले नाही आणि खेचू शकतही नव्हते. त्याचे नाव झाकलेले राहिले, आणि त्या झाकलेल्या नावाची किंमत कर्व्यांनी आपल्या उघड्या नावाने भरली. अडीचशे वर्षांच्या या इतिहासाचा अर्थ मला येथेच सापडतो. डंटनच्या काळी दोन्ही बाजूंना मुखवटे होते. म्हणून मोलकरणीला आणि शिकाऊ उमेदवाराला बोलण्याचा धीर आला, पण त्यांना मिळालेल्या उत्तराचा धनी कोणी नव्हता. सदीच्या आणि शार्लटच्या पत्रव्यवहारात दोन्ही बाजूंना मुखवटा नव्हता. म्हणून उत्तराला जबाबदारी आली, पण प्रश्न विचारण्याचे साहस करणारी माणसे थोडी निघाली, आणि जी निघाली त्यांना आपल्या नावावरून, वयावरून व स्त्रीत्वावरून उपदेश ऐकावा लागला. ‘समाजस्वास्थ्य’च्या पानांत ही मांडणी नीट बसली: विचारणाऱ्याला पडद्याचा आसरा, आणि सांगणाऱ्याला आपल्या शब्दाचा भार.

गोतसभेचा गुण असा होता की, निर्णय देणारा निशाणी करून मोकळा होत नसे. त्याला त्याच गावात राहावयाचे असे. तिचा दोष असा होता की, फिर्यादीलाही त्याच गावात राहावयाचे असे. परक्यापुढे मन मोकळे करण्याच्या प्रथेने हा दोष घालविला, पण त्याबरोबर तो गुणही बरीच वर्षे हरवून बसली. तो परत मिळविण्यासाठी दोनशे रुपये दंड भरणारा एक गणिताचा शिक्षक लागला. आपली कविता असो वा आपले मोडते घर असो, ते परक्यापुढे ठेवण्यात कमीपणा नाही; ठेवणाऱ्याने आपले नाव खुशाल झाकावे. पण ज्याच्यापुढे ते ठेवले, तो आपल्या उत्तराखाली सही करावयास तयार आहे की नाही, एवढे त्याने आधी पाहावे. आणि तयार नसेल, तर ते उत्तर कितीही शहाणपणाचे असले, तरी त्याला निवाडा न समजता केवळ मजकूर समजावे.